बेटावरचा लग्नचौक

हरसूल, २००६

ललिता बाय,

जपानातल्या बेटावर वारली चित्रं काढायला बोलावलं होतं, तिथून मी परत आले. सगळे विचारतात, कसं होतं? मी म्हणते, लय चांगलं होतं. डोंगरात चित्रांची मोठमोठी संग्रहालयं आणि खाली समुद्र. वाळूवर कुणाचं पाऊल नाय, कागदाचा कपटा नाय. मी तिथं रोज जाऊन बसायची. काहीच वाटायचं नाय.

तुझ्या लग्नाचा चौक सवाशिणींनी भिंतीवर काढला. विधवेचा हात त्याला लागत नाय, हे मलाही ठाऊक होतं. मी नुसतं तांदळाचं पीठ भिजवायला घेतलं, तर तूच म्हणालीस, "आई, तू नको." मी उठून चुलीपाशी गेले.

बेटावरच्या लोकांनी मला लग्नाचाच चौक काढायला सांगितला. तिथं कुणी कपाळ बघत नाय. मी काढला. मधोमध घोड्यावर तुला आणि जावयाला बसवलं. आता त्यावर काच बसवलीय.

हे पत्र मी टाकणार नाय. विधवेनं तुझा चौक काढला, हे तुझ्या सासरी कळायला नको.

तिथल्या दुभाषी बाईनं विचारलं, "लेकीच्या लग्नातही तुम्हीच काढला असेल ना?"

मी हो म्हटलं.

तुझी आई,
वत्सला