लाईट गेली की काढायची

१ जून

पोचलो एकदाचा. पुणे ते दिल्ली, माझं घर मीच चालवत आणलं. आई म्हणते, लोक नोकरीसाठी बिऱ्हाड हलवतात, या श्रीरंगानं बिऱ्हाडालाच चाकं लावली. ऑफिस गुरुग्रामला, पण तिथे आठवड्यातून एकदाच तोंड दाखवायचं. बाकी सगळं काम लॅपटॉपवर. मग घरमालकांचे नखरे कशाला झेला? जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, सीटा काढून टाकल्या. आता आत ओटा आहे, चिमुकला फ्रिज आहे, पंखा आहे, मागे पलंग आणि पलंगाखाली सामानाची लांबलचक पेटी. सुतार म्हणाला होता, साहेब, पाहुणा आला तर या पेटीत झोपेल.

मयूर विहारमधल्या जुन्या फ्लॅट्सच्या मागच्या गल्लीत, कडुनिंबाखाली गाडी लावली आहे. सावली झकास आहे. खिचडी केली, ती जरा करपली, पण स्वतःच्या घरात करपली.

३ जून

सावली मला झकास, छपरावरच्या सोलर पॅनेलला नाही. गाडीत दोन बॅटऱ्या आहेत. एक इंजिनाची, दुसरी घराची. पंखा, फ्रिज, लॅपटॉप, वायफाय हे सगळं दुसरीवर. गाडी चालली की ती आपोआप भरते. उभी राहिली की उन्हावर नाहीतर कुणाच्या तरी प्लगवर. आज मोबाईलवर तिचा आकडा बघतो तर अठ्ठावीस टक्के. उन्हात लावावी तर आत माझा पापड होईल.

समोरच्या तळमजल्याच्या बाल्कनीतून कुणीतरी कबुतरांना अस्सल मराठीत झापत होतं. मी लाज सोडून विचारलं. विजयालक्ष्मी काकू, पहाडगंजच्या मराठी शाळेत इतिहास शिकवायच्या, आता एकट्याच असतात. सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, अच्छा, म्हणजे तुझ्याआधी तिला जेवायला घालावं लागतं तर. बाल्कनीत वॉशिंग मशीनमागे एक पॉइंट आहे, तिथे वायर लावायला सांगितलं. पैशांचं विचारलं तर रागावल्या. अट एकच घातली.

"लाईट गेली की काढायची हं. तो पॉइंट इन्व्हर्टरवर आहे. माझा इन्व्हर्टर चार तास चालतो, पण तुझ्या बाईसाहेबांना नाही पोसणार."

मी म्हटलं, बिल्कुल.

८ जून

काकूंकडे कांदेपोहे. दिल्लीत राहून त्यांनी पोह्यांत मटार घालायची सवय लावून घेतली आहे, ते मी माफ केलं. मुलगा चिन्मय टोरांटोला असतो. दर रविवारी त्याचा फोन येतो, आणि त्या तासभर आधीपासून साडी बदलून बसतात. व्हिडिओवर दिसते ना मी, म्हणाल्या.

गाडी बघायला आल्या. पलंगावर बसून पेटीच्या झाकणावर टकटक केली. मग म्हणाल्या, जन्मभर मुलांना पानिपत शिकवलं, इथून दोन तासांवर आहे, पण बघायचं राहूनच गेलं. मी म्हटलं, काकू, तुम्ही फक्त सांगा, गाडी तयार आहे. एवढ्या खूश झाल्या की मलाच संकोच वाटला.

११ जून

दोनदा लाईट गेली. दोन्ही वेळा वायर काढली. काकूंनी बाल्कनीतून अंगठा दाखवला.

१३ जून

काकू गेल्या. सकाळी दुधाची पिशवी दारातच पडून होती. नोएडाहून त्यांचे पुतणे अशोकराव आले, दार उघडवलं. झोपेतच, डॉक्टर म्हणाले.

मी दिवसभर धावपळ केली. दाखला, फोन, माणसांना चहा. चिन्मय परवा सकाळी पोचतोय. फोनवर एकच म्हणत होता, मी येईपर्यंत थांबा, मला तिला बघायचंय. म्हणून अशोकरावांनी बर्फाची पेटी भाड्याने आणली, काचेच्या झाकणाची, विजेवर चालणारी. बाहेरच्या खोलीत ठेवली आहे. लाईट गेली तरी इन्व्हर्टर आहे.

उकाडा भयंकर आहे. पेटीची घरघर गाडीपर्यंत ऐकू येते.

१४ जून

दुपारी लाईट गेली ती संध्याकाळी आली. कुठेतरी ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणे. इन्व्हर्टर चार तास चालायला हवा होता, तो तासाभरात बसला. घरातली माणसं उकाड्यामुळे बाहेर जिन्यात बसली होती, पेटी चालूच असणार या भरवशावर. अशोकराव आत गेले तेव्हा काचेवर आतून ओघळ होते. आम्ही बर्फ आणायला धावलो. मीही धावलो. पण मग भटजीही म्हणाले आणि नाकालाही कळलं, की आता थांबण्यात अर्थ नाही. सूर्यास्ताच्या आत सगळं उरकलं. चिन्मय विमानात होता, त्याला कळवताही आलं नाही.

सगळे वीज कंपनीला शिव्या देत होते. मीही दिल्या.

१५ जून

काल एक गोष्ट लिहिली नाही.

लाईट गेल्याचं मला तेव्हाच कळलं होतं. गल्लीतले सगळे कूलर एकदम गप्प झाले. पण मोबाईलवर माझ्या बॅटरीचं चार्जिंग चालूच दिसत होतं. कुठून चालू आहे ते न कळण्याइतका मी बावळट नाही. वायर काढायला दारापर्यंत गेलो. पण ऑफिसचा कॉल सुरू होता, मोठे साहेब होते, आणि आदल्या दिवशीच्या धावपळीत वायर लावायची राहून गेली होती, ती नुकतीच लावली होती, म्हणून बॅटरी वीस टक्क्यांवर होती. म्हटलं, कॉल संपेपर्यंत. मग कॉल संपला. पंख्याखाली जरा पाठ टेकली आणि डोळा लागला. उठलो तेव्हा बॅटरी मस्त भरली होती आणि मला बरं वाटलं.

बरं वाटलं. हे लिहिताना मेल्याहून मेल्यासारखं होतंय.

आज चिन्मयदादा आला. रिकाम्या खोलीत उभा राहिला. अशोकरावांनी माझी ओळख करून दिली, याने फार केलं म्हणाले. त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि विचारलं, "शेवटी कशी दिसत होती?"

मी म्हटलं, शांत.

१६ जून

पहाटेच निघालो. वायर गाडीच्या बाजूने उपटली आणि तशीच टाकली. तिचं दुसरं टोक काकूंच्या बाल्कनीत आहे, आणि त्या घरात पाऊल टाकायची माझी हिंमत नाही. कुठे जायचं ठरवलं नव्हतं. हायवे लागला, चालवत राहिलो. पाटी वाचली तेव्हा कळलं कुठे आलो ते. पानिपत.

एका ढाब्यामागे गाडी लावली आहे. दोन तास चालवल्यामुळे बॅटरी शंभर टक्के.

१७ जून

काहीतरी बिघडलंय. पंखा बंद, फ्रिज बंद, लॅपटॉप मिटलेला. तरी सकाळपासून बॅटरी शंभरावरून चाळिसावर आली. मोबाईलवर दिसतंय की कसला तरी मोठा लोड चालू आहे. सगळे फ्यूज काढून ओट्यावर मांडले. आकडा उतरतच होता.

आणि आत गार आहे. बाहेर लोक ओले पंचे डोक्यावर घेऊन फिरताहेत आणि मी स्वेटर शोधतोय. स्वेटर पलंगाखालच्या पेटीत आहे. झाकणाला हात लावला. फ्रिजच्या आतल्या बाजूसारखं लागलं.

उघडलं नाही.

१८ जून

घरघर येते. मी तिला ओळखतो. दोन दिवस ऐकली आहे.

दुपारी बॅटरी दहा टक्क्यांवर आली तेव्हा घरघर अडखळायला लागली आणि वास आला. आधी झेंडूचा, उदबत्तीचा, मग त्याखालचा. मी उडी मारून इंजिन सुरू केलं. आकडा चढायला लागला तसा वास गेला. ढाबेवाला विचारत होता की गाडी उभी करून डिझेल का जाळतोय. काय सांगणार?

२० जून

दोन दिवस नुसता चालवतोय. पानिपत, सोनिपत, परत पानिपत. थांबलो की आकडा पडतो. आज बॅटरी दाखवायला करोल बागेत आलो, तिथे गाड्यांच्या बॅटऱ्यांची दुकानं आहेत. मेकॅनिकने तपासली, फर्स्ट क्लास आहे म्हणाला. मीटर लावला, कुठेच काही वीज खात नाही म्हणाला. मग बोलता बोलता पलंगावर हात टेकला आणि झटकन काढून घेतला.

"इसमें क्या रखा है साहब, बर्फ?"

मी हो म्हटलं. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि हत्यारं आवरायला घेतली.

ऑफिसला आजारी आहे म्हणून कळवलं. आईला फोनवर सांगितलं, मजेत आहे.

२१ जून

मला कळलंय. त्या मला काही करणार नाहीत. तशा त्या नव्हत्याच. त्या थांबल्या आहेत. चिन्मयदादाने सांगितलं होतं ना, मी येईपर्यंत थांबा. आणि त्यांना गार ठेवायचं काम आता माझ्याकडे आहे.

चिन्मयदादाला एकदा खरं सांगायचं, बस. तीनदा नंबर काढला. तीनदा ठेवला. त्याला काय सांगू — तुझी आई माझ्या पंख्यासाठी —

इतकी लाज की श्वास पुरत नाही. आणि लाज वाटत असूनही फोन करत नाही, त्याची वेगळी लाज.

संध्याकाळी त्याचाच मेसेज आला. "तुझी वायर आईकडे राहिलीय यार. उद्या रात्रीची फ्लाईट आहे माझी. कुठे आहेस सांग, जाताना देतो. तुला भेटायचंय पण."

पत्ता पाठवला, करोल बागेतल्या मेकॅनिकच्या दुकानाचा. सांगणार. उद्या नक्की.

२२ जून, सकाळ

इंजिन सुरू होत नाही. सेल्फ मारतो तर नुसतं टक् — टक् —

मेकॅनिकचं दुकान आज बंद आहे. आभाळ धुळीने पिवळं झालंय, पॅनेल शून्य. बॅटरी तेवीस. त्याला लवकर ये म्हणून कळवलं. मेट्रोने निघालाय.

दुपार

अकरा टक्के. समोरच्या दुकानदाराला प्लग मागायला गेलो. तो बिल्कुल लावा म्हणाला, लाईट आली की. लाईट कधी गेली होती मला कळलंच नव्हतं. आत कुठेतरी इन्व्हर्टरवर एक पंखा फिरत होता आणि त्याखाली कुणीतरी म्हातारं झोपलं होतं. मी परत आलो.

झाकणाच्या फटीतून पाणी येतंय. पंचा लावला. काकू, थोडं थांबा — येतोय तो — येतोच आहे —

पाच टक्के

आला. वायर नीट गुंडाळून आणली आहे, सुतळी बांधून. आत शिरताच म्हणाला, किती गार आहे रे इथे, आणि आईच्या पावडरचा वास येतो. मग पलंगावर बसला. त्यावरच बसला. फोन उतरलाय, चार्जिंगला लावू का म्हणाला.

नाही म्हणता आलं नाही. काकू मला कधी नाही म्हणाल्या नव्हत्या. लावला त्याने.

मग वायरकडे बघत म्हणाला, "ही इन्व्हर्टरच्या पॉइंटला होती. त्या दिवशी लाईट गेल्यावर काढली होतीस ना?"

तोंड उघडलं. सगळं जिभेवर होतं. घरघरसुद्धा थांबली होती, ऐकायला थांबावी तशी.

मी म्हटलं, "हो, लगेच."

त्याने मान डोलावली. बायकोचा फोन आला, बोलायला बाहेर गेलाय. मी हे लिहितोय कारण तोंडाने जमत नाही. तो आत आला की ही वही त्याच्या हातात —

घरघर परत सुरू झालेली नाही

आकडा एक

झेंडू — आणि आतून टकटक, झाकणावर, त्यांनी केली होती तशीच — तो फोन ठेवतोय — दारात आलाय, विचारतोय हा वास कसला — दादा, तिथे बसू नकोस, मी वायर काढली नव्