चिंचेत भिजवलेला बिल्ला

प्रिय प्रतिक्षा,

वसमतच्या मंडळींचं काय झालं ते तू फोनवर दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी म्हशीचं निमित्त काढलं. मुलगा चांगला आहे, अट एकच, लग्नानंतर तू वर्दी उतरवायची, म्हणजे नोकरी सोडायची. तू 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणून मोकळी झालीस. म्हणून हे जरा लांबून सांगते.

लग्नानंतर तुझे बाबा पहिल्यांदा सुट्टीवर गावी, हट्ट्याला आले, तेव्हा त्यांची पलटणीची टोपी खुंटीला असायची. तिच्यावरचा दोन तलवारींचा पितळी बिल्ला मला काळवंडलेला दिसला. मी नवी नवरी, कामाची भारी हौस. देवाच्या भांड्यांबरोबर तोही रात्रभर चिंचेत भिजत घातला आणि सकाळी राखेनं खसाखसा घासला. पितळ तांब्यासारखं लाल पडलं, वर ओरखडे. पलटणीत त्या बिल्ल्याला जिवापाड जपतात हे मला कुठलं ठाऊक. मी रडायला लागले तर म्हणाले, "काहून रडून राहिलीस? चमकला की बराबर." आणि तोच लावून गेले.

पुढे कितीतरी वर्षांनी त्यांच्या पलटणीतले रतनसिंग भावजी जेवायला आले. त्यांनी हसत हसत सांगितलं, की परेडला साहेबांनी बिल्ला पाहिला, कुणी केलं विचारलं, आणि यांनी 'मीच' म्हणून सांगितलं. मग पाठीवर वजन घेऊन मैदानाच्या फेऱ्या. नवा बिल्ला मिळत होता, तरी यांनी पॉलिश करून करून तोच पुन्हा पिवळा केला. निवृत्त होईपर्यंत तलवारींच्या मुठी झिजून सपाट झाल्या होत्या. घरी मात्र अवाक्षर नाही. मीही विचारलं नाही, त्या दिवशी त्यांच्या ताटात एक पोळी जास्त वाढली. नशीब काढलं म्हणतात ते मी काढलं, पोरी. हे त्यांच्या तोंडावर म्हणणार नाही, डोक्यावर बसतील.

रविवारी मंडळी पुन्हा आली. तुझे बाबा माझ्याकडे बघत राहिले, म्हणून मीच बोलले. म्हटलं, पोरगी वर्दीसकट पसंत असेल तर पुढचं बोलू, नसता चहा घ्या. ते चहा घेऊन गेले. माझी चूक कपाळावर लावून परेडला उभा राहणारा माणूस मला मिळाला. तुझी कमाई उतरवून ठेव म्हणणारा मी तुझ्यासाठी कसा निवडू? तुला न विचारता स्थळ मोडलं, एवढं सांगायला हे पत्र. फोनवर तू रडली असतीस, आणि सुटले म्हणून की मोडलं म्हणून, ते मला कळलं नसतं. राग आला असेल तर तसं कळव. आनंद झाला असेल तर गपचूप ड्यूटीवर जा.

तुझीच, आता वसमतभर बदनाम झालेली,
आई