'रहेमत'वर, सुकाणूजवळ

८ जानेवारी १९८८, शुक्रवार

पूल गेला एकदाचा! भाईंदरचा रेल्वेचा पूल. वरून गाडी धडधडत गेली आणि खाली आमची 'रहेमत' दोन खांबांच्या मधून — रेवसला न्यायच्या विटांनी भरलेली, पाणी काठाला लागलेलं. मी डोळे मिटून कलमा म्हणत होते. उघडले तेव्हा खांब मागे पडला होता. त्याच्यावरचं शेवाळ हाताने खरवडता आलं असतं, इतका जवळून गेला.

बावीस वर्षांत यांनी मला कधी बोटीवर घेतलं नाही. 'बाईमाणूस मचव्यावर नको' म्हणायचे. आणि या वर्षी आपणहून म्हणाले, 'चल. तय्यबाचं लगीन झालं, भिवंडीत एकटी बसून काय करणार?' मी बोचकं बांधलं. आता पाण्याची इतकी भीती वाटते, तर कशाला आलीस, असं कोणी विचारलं तर काय सांगू? बोलावलं म्हणून आले!

बोटीवर चौघंच. हे तांडेल, बोट चालवणारे. महादू इंजिनावर — त्याला कमी ऐकू येतं, इंजिनानेच कान खाल्ले. आणि अंजूरचा हिरामण, नाळेवर — बोटीच्या पुढच्या टोकाला — उभा राहणारा, सगळी दोरखंडं त्याच्याकडे. मी सुकाणूजवळ पाटावर बसते, भाजी निवडते. हे सारखं विचारतात, 'हबीबा, समोर काय दिसतं सांग.' मी सांगते — बगळे, जाळी टाकलेली, मिठागरातला माणूस. नवी नवरी होते तेव्हा इतकं बोलले नव्हते!

वही तय्यबाची, शाळेतली, अर्धी कोरी होती. मी मराठी शाळेत शिकले, हे उर्दूत. यांना ही वाचता येणार नाही. म्हणून बिनधास्त लिहिते.

१० जानेवारी, रविवार

वसईचा किल्ला मागे टाकला आणि समुद्र लागला. दोनदा उलटी. खाडीत निदान दोन्हीकडे जमीन असते. इथे एकीकडे काहीच नाही. काहीच!

१४ जानेवारी

रेवस. विटा उतरल्या. बोट हलकी झाली तर जास्तच डुलते.

एक गोष्ट. दिवस मावळताना हे पाण्याच्या पिंपावर आपटले. पिंप पहिल्या दिवसापासून तिथेच आहे. 'कोणी हलवलं हे?' म्हणून महादूवर ओरडले. महादूला काही ऐकूच आलं नाही, तो हसला. मीही हसले.

मग चहा दिला. बाजूने कप पुढे केला, तर घेईनात. हात तसाच धरून मी उभी. 'घ्या ना,' म्हटलं, तेव्हा दचकले.

१९ जानेवारी, मंगळवार

आज मी एक वाईट काम केलं. हे सुकाणू धरून उभे होते. भर दुपार, लख्ख ऊन. मी उजव्या बाजूला उभी राहिले आणि यांच्या कानापासून वीतभर अंतरावर हात हलवला. काही नाही. आणखी पुढे नेला. काही नाही. अगदी नाकासमोर आला, तेव्हा मान मागे घेतली — 'काय गं?'

'माशी होती,' म्हटलं.

आत जाऊन बसले.

२० जानेवारी

विचारलं. महादू आणि हिरामण डिझेल आणायला गेले होते. आधी रागावले. मग खाली बसले आणि बोटांची नळी करून माझ्या डोळ्याला लावली. 'एवढं दिसतं. मध्ये दिसतं, बाजूला न्हाय. दिवस कलला की तेही न्हाय.' मुंबईच्या डॉक्टरला दाखवलंय, गेल्या वर्षीच. मला सांगितलं होतं, धाकट्या युनूसभावजींबरोबर — बोट त्यांच्याच नावावर — इंजिनाचं सामान आणायला जातो. डॉक्टर म्हणाला, गेलेलं परत येणार नाही. उरलेलं किती टिकेल ते सांगता येणार नाही.

'मग सोडून का देत नाही?'

'आणि काय करू? युनूसच्या गोदामात खुर्चीवर बसू? पोरांनी हात धरून मशिदीत न्यायचं?' मग — 'हा एक सीझन. पावसापर्यंत. कोणाला सांगू नकोस, हबीबा.'

मी कबूल केलं.

लिहिताना लाज वाटते, पण भीतीच्याही आधी एक दुसरंच दुखलं. 'काय दिसतं सांग' — मला वाटलं होतं, माझ्याशी बोलायचंय.

२३ जानेवारी

खूण ठरली. पाटावर उलथन्याने ठोकायचं. एकदा — उजवीकडे वळा. दोनदा — डावीकडे. सारखं ठोकलं तर थांबा. हिरामणला वाटावं, भाभी भांड्यांशी खुडबुड करतायत.

पुलाखालून गेलो. मी डोळे मिटले नाहीत. मिटायची सोयच राहिली नाही.

१ फेब्रुवारी, सोमवार

तिसरी फेरी. आता मला खाडी पाठ व्हायला लागलीय. कशेळीच्या पुलाचा कितवा गाळा, काल्हेरला चिखल कुठवर येतो, घोडबंदरपाशी पाणी कुठे ओढतं. हे तोंडाने सांगतात, मी डोळ्यांनी शोधते. सगळं त्यांच्या डोक्यात आहे — नकाशा काढल्यासारखं! फक्त हलणारं काही असलं की ते त्यांना ठाऊक नसतं. होड्या, तराफे, माणसं.

हलणारं सगळं माझ्याकडे.

रोज वाटतं, आज सवय होईल भीतीची. होत नाही. हात कामात असतात तोवर बरं. बोट बांधली की दात वाजायला लागतात. हे म्हणतात, थंडी आहे.

९ फेब्रुवारी, मंगळवार

या अल्ला, तो जिवंत आहे. जिवंत आहे. आधी हेच लिहिते.

घोडबंदरच्या अलीकडे रेती काढणाऱ्या होड्या नांगरून होत्या. रोजच असतात. माणसं बांबूला धरून तळाला जातात, बादली भरतात, वर येतात. आम्ही ओहोटीबरोबर जोरात येत होतो. डावीकडून माणसं नेणारी एक होडी आडवी निघाली, मी तिच्याकडे बघत होते. ती गेली. मान वळवली तर उजवीकडे होडी — ही एवढी जवळ! उन्हाच्या चकाकीत बुडालेली.

वळायचं होतं डावीकडे. दोनदा ठोकायचं होतं.

मी एकदा ठोकलं. डोक्यात एकच — उजवीकडे आहे, उजवीकडे आहे! आणि हे उजवीकडे वळले.

नाळेवरून हिरामण बोंबलला. लाकूड मोडल्याचा आवाज. होडीतले दोघं पाण्यात फेकले गेले, ते लगेच वर आले. आणि ओरडायला लागले, 'लडकू खाली हाय! लडकू खाली हाय!'

मी मोजत होते. का मोजत होते माहीत नाही. एकोणतीसपर्यंत मोजलं. मग आमच्या बोटीच्या दुसऱ्या बाजूला डोकं वर आलं. रक्ताने माखलेलं. हिरामणने उडी मारली, धरला त्याला.

माझी ओढणी फाडून डोकं बांधलं. तरणा माणूस. डोळे उघडे, पण बोलेना. त्याचा डावा खांदा खाली लोंबत होता. भाईंदरला दवाखान्यात नेला. सात टाके, आणि खांद्याचं हाड मोडलंय. आता या वर्षी पाण्यात उतरायचा नाही.

होडीवाल्यांपैकी एक म्हातारा यांच्या अंगावर धावून आला. 'आंधळा हायस काय रं?'

हे म्हणाले, 'उन्हाची तिरीप आली डोळ्यावर.'

हिरामण माझ्याकडे बघत होता. यांच्याकडे नाही. माझ्याकडे.

१० फेब्रुवारी

'चूक तुझी न्हाय,' म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, 'माझीही न्हाय.'

मग कोणाची? डोळे यांचे गेले. पण हात माझा होता.

वाटलं होतं, आता तरी परत फिरतील. भरती आली तशी यांनी महादूला इशारा केला. इंजिन चालू, पुन्हा रेवसकडे.

१३ फेब्रुवारी

जेवण जात नाही. ठोकते, वळतात. ठोकते, वळतात. प्रत्येक वेळी ठोकायच्या आधी ओठातल्या ओठात म्हणते — उजवं एक, डावं दोन. उजवं एक, डावं दोन. झोपेतसुद्धा.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

सांगून टाकलं.

रेवसला हे दुपारच्या नमाजाला गेले. काठी नको म्हणाले, महादूच्या खांद्यावर हात ठेवून गेले, गप्पा मारत असल्यासारखे. हिरामण डेकवर बसून दोर वळत होता. मी जाऊन समोर उभी राहिले.

'हिरामणभाऊ, यांना दिसत नाही.'

त्याने मान वर केली नाही. 'कधीपास्नं?'

'वर्षाच्या वर झालं.'

'आन् तुमाला कधी कललं?'

'महिना झाला.'

आता बघितलं त्याने. 'म्हैनाभर मी नालेवर उभा ऱ्हातो, भाभी. मागं तांडेल हाय म्हणून पुढं उभा ऱ्हातो. घरात तीन पोरं हाईत माझी.'

'ठाऊक आहे.'

'लडकू आमच्या गावचा. त्याची बायको ठकुबाई दवाखान्यात आली तवा मला इचारत व्हती, कसा झाला, कसा झाला? मी सांगितलं, उन्हाची तिरीप.' दोर खाली टाकला. 'मला खोटा पाडला तुमी.'

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१७ फेब्रुवारी

समुद्रात. उत्तरेचा वारा सुटला होता, बोट रिकामी, लाटा समोरून. बोट अजून डुलतेय, लिहिणं कठीण. पण विसरायच्या आधी लिहायला हवं.

हिरामण मागे आला. 'तांडेल, सुकाणू माझ्याकडं द्या.'

'का?'

'भाभींनी सांगितलं मला.'

यांचं तोंड माझ्याकडे वळलं. मी जिथे होते तिथे नाही, थोडं बाजूला. रिकाम्या जागेकडे बघत उभे राहिले. मग सुकाणूवरचा हात काढला. चाचपत केबिनच्या फळीला पाठ लावून बसले.

पाणी आत येत होतं. महादू डब्याने उपसत होता, मीही उपसू लागले. हिरामणने इतक्या वाऱ्यात बाहेरच्या समुद्रात कधी सुकाणू धरलेलं नाही — त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. एक लाट अशी आली की नाळ आभाळाकडे! मला वाटलं, इथेच संपलं, तय्यबाला कळणारही नाही.

तेव्हा हे बसल्या जागेवरून ओरडले, 'आडवी घेऊ नको! तिरकी काढ! तिरकी!' हिरामणने तिरकी काढली. पुन्हा लाट. पुन्हा, 'आता... सोड थोडी!' तासभर असंच. प्रत्येक वेळी ऐकलं हिरामणने.

वारा पडल्यावर मी जवळ गेले. म्हटलं, 'उत्तनचा किनारा दिसतोय, कोळ्यांच्या होड्या—'

'गप्प बस,' म्हणाले.

१९ फेब्रुवारी

भिवंडी. घरी. बोट बंदरात बांधलीय. हिरामण आणि महादू आपापल्या घरी गेले.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

माझ्याशी बोलत नाहीत. आठ दिवस झाले. ताट ठेवते, जेवतात.

युनूसभावजी आले होते. त्यांना सगळं कळलंय. कामतघरच्या गोदामात बसा म्हणाले, 'भाईजान, नुसतं बसायचं. कापडाच्या गाठी मोजायला पोरं आहेत.' चांगल्या मनाने बोलले. हे 'बघू' म्हणाले.

घरात फरशी हलत नाही, तरी मला पाय घट्ट रोवून उभं राहावंसं वाटतं.

२७ फेब्रुवारी

सकाळी अंथरुणात नव्हते!

मोरीत नाही, गल्लीत नाही, मशिदीत नाही. मी अनवाणी बंदराकडे धावले. ओहोटी होती, नुसता चिखल, मध्ये पाण्याची पट्टी. काय काय मनात आलं ते लिहिणार नाही. पाण्याकडे बघवेना आणि नजरही हटेना.

'रहेमत'वर होते. नाळेवर, हिरामणच्या जागी, बसलेले. पायाला चिखल, गुडघा फुटलेला. फळीवरून एकटे चढले होते.

मी वर चढून शेजारी बसले. मग म्हणाले, 'मला अंजूरला ने.' दहा दिवसांतलं माझ्याशी पहिलं वाक्य.

२८ फेब्रुवारी, रविवार

रिक्षाने अंजूरला. लडकूच्या अंगणात. तो बाजेवर बसला होता, खांद्याला पट्ट्या. ठकुबाई दारात. आम्हाला पाणी विचारलं नाही तिने. कशाला विचारेल?

हे उभे राहूनच बोलले. 'तिरीप न्हवती. मला दिसत न्हाय. ठाऊक असून बोट चालवली.'

मी म्हटलं, 'आणि खूण मी चुकीची दिली.'

लडकूने एवढंच विचारलं, 'मंग हितवर कसं आलात?' हे म्हणाले, 'हिने आणलं.' ठकुबाई आत निघून गेली. आतून तिचं रडणं ऐकू आलं. आम्ही तसेच निघालो.

रिक्षात यांनी माझा हात धरला. धरायला हात शोधावा लागला.

२ मार्च, बुधवार

अंजूरमध्ये सगळ्यांना कळलं. बंदरावरही. बायका मला बघून बोलणं थांबवतात. गोदामात सोमवारपासून या, असा युनूसभावजींचा निरोप. तो ऐकून हे कूस वळवून पडले. रात्री नीट झोपले मात्र. मला झोप नाही. हे असे गप्प राहून एक दिवस विझून जातील, असं वाटतं.

४ मार्च, शुक्रवार

हिरामण आला. उंबऱ्याच्या आत येईना. बाहेरूनच म्हणाला, 'युनूसशेटनी बोट माझ्याकडं दिली. सोमवारी भरतीला विटा भरून निघतोय. रांधाया मानूस न्हाय. खाडी मला सगळी ठावं न्हाय, सांगाया कोन तरी पायजे. पन बोटीवर माझा शब्द चालंल.'

मी दाराआड. वाटलं, आता हे उठून त्याला हाकलतील. आजवर ज्याला दोर ओढायला लावला, त्याच्या हाताखाली!

हे उठले. खुंटी चाचपून टोपी काढली, डोक्यावर ठेवली.

'किती वाजता येऊ, तांडेल?'