बॅटरीला हात लावण्याआधी

अहो,

काल मी गाडीचं बॉनेट उघडलं आणि बॅटरीला हात लावला. म्हणून लिहितेय. लगेच ओरडू नका, आधी सगळं वाचा. अर्धं ऐकून ओरडायची तुमची सवय, आणि मी आधीच इतकी घाबरलेली आहे की तुमचा ओरडा सोसायची ताकद नाही. पण ओरडायला तरी आला असतात तर!

मागच्या आठवड्यात तुमच्या आईंना पुन्हा दम लागला. मी देवापाशी दिवा लावून बाहेर आले, तर त्या ओटीवर छातीला हात धरून वाकलेल्या. ओठ निळे. त्यांना कसंबसं मागच्या सीटवर बसवलं आणि किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक टक. बस्स! आईंचं तोंड उघडं, डोळे माझ्यावर, आणि गाडी मढ्यासारखी गप्प. अँब्युलन्सला फोन केला तर ड्रायव्हर म्हणाला, "कामणच्या रोडला कंटेनरची लाइन लागलीय मॅडम, टाइम लागेल." शेवटी शेजारच्या दिनूभावजींनी टेम्पो आणून समोर लावला, वायरी जोडल्या, तेव्हा कुठे इंजिन धडधडलं.

डॉक्टर म्हणाले, "अजून उशीर झाला असता तर..." आणि पुढे बोललेच नाहीत. पुढचं मी रोज मनात पुरं करते आहे.

तेव्हापासून आई नुसत्या खोकल्या तरी मी हातातलं काम टाकून धावते. त्या झोपल्या की मी जवळ जाऊन छाती हलते का बघते. आणि मग जाऊन गाडीची किल्ली फिरवते. चालू होते ना? होते. बंद करते. जरा वेळाने पुन्हा जाते. मेकॅनिक आला तर कपाळाला हात लावून म्हणाला, "भाभी, बॅटरी चांगली आहे. पण तुम्ही नुसती स्टार्ट मारून बंद करता, तीच चार्जिंग खाते. चालवत जा, नाही तर हात लावू नका." म्हणजे बघा, भीतीनेच बॅटरी उतरवली मी! तुम्ही असतात तर आठवडाभर हसला असतात.

दर महिन्याला तो येऊन बघणार होता. पण आईंचा दम त्याला विचारून थोडाच लागणार? मला माझं कळायला हवं होतं.

मग तुम्ही मला शिकवलं का नाहीत? गाडी चालवायला शिकवलंत, घाटात रिव्हर्स घ्यायला शिकवलंत, आणि बॉनेट उघडलं की मला लांब उभं करायचात! आठवतं ना काय म्हणायचात? "आधी बांगड्या काढ, मग ये." आणि मी चवताळून उठायचे. "नवरा धडधाकट समोर उभा आणि बांगड्या काढायला सांगता? असं अभद्र बोलवतं तरी कसं?" तुम्ही समजवायचात, अगं, काचेच्या चालतील, पण मधल्या सोन्याच्या पाटल्या टेकल्या तर ठिणगी उडेल, मनगट भाजेल. खरं होतं. पण पुढच्या काचेच्या उतरवल्याशिवाय पाटल्या निघतात का? नाहीत. मी काढल्या नाहीत, तुम्ही शिकवलं नाहीत. दोघंही हट्टी!

तुम्ही गेलात त्या दिवशीचं तुम्हाला माहीत नाही. मंगळसूत्र कधी उतरवलं, ते मला कळलंसुद्धा नाही. मग बायका बांगड्यांकडे वळल्या, तशा आई मध्ये उभ्या राहिल्या. स्वतःचा मुलगा समोर ठेवलेला असताना रडायचं थांबवून म्हणाल्या, "माज्या सुनंच्या हाताला कोनी हात लावायचा नाय. माज्या बांगऱ्या फोरल्या तवा कोन मधी आला नाय. हिच्या मी नाय फोरू देनार." कुणाची हिंमत झाली नाही. तेव्हापासून बांगड्या माझ्या हातात आहेत, आणि त्या आहेत तोवर तुम्ही गोदामातल्या कामावरून यायचेच आहात असं मला वेड्यासारखं वाटतं.

तर काल सकाळी मोरीत साबण लावून मी बांगड्या काढायला बसले. पहिल्या दोन निघाल्या. तिसरी अडकली, जरा जोर लावला आणि कट्ट झालं. मला सवयीने "वाढली" म्हणायचं होतं. बांगडी फुटली असं आपण कधी म्हणत नाही ना! पण शब्द तोंडातून निघेना. तुमच्यामागे बांगडी वाढते की फुटतेच? कुणाला विचारू हे? तुकडा तसाच ओट्यावर ठेवला, पाटल्या काढल्या आणि उघड्या हातांनी अंगणात गेले.

तुमचा पिवळा मीटर काढला. लाल सुई लाल टोकाला, काळी काळ्याला. तुम्ही दिनूभावजींना सांगायचात ते कान देऊन ऐकलं होतं मी: भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते. आपली बारालाही पोचत नव्हती. टोकांवर पांढरं-हिरवं मीठ चढलेलं. डोळ्यांना चष्मा लावला, हातांत रबरी मोजे घातले आणि दहा नंबरचा पाना घेऊन दोन्ही वायरी सोडवल्या. खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशने घासलं, तर फसफसून वर आलं. मी किंचाळले! स्फोट होतोय असंच वाटलं मला. काही होत नव्हतं, मीठ धुतलं जात होतं एवढंच. टोकं पुसली, मोजे काढून व्हॅसलिन लावलं.

आणि मागून आवाज आला. घर्र, घर्र.

आई पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्या हातात ओट्यावरचा तो बांगडीचा तुकडा. नजर माझ्या मनगटांवर. तोंड उघडं, श्वास मोठमोठ्याने.

अहो, आईंना दम लागलाय आणि मी माझ्या हाताने गाडी मारून ठेवलीय! वायरी सुटलेल्या. जोडायच्या तर आधी कुठली? काळी की लाल? चुकीची आधी लावली आणि पाना कुठे टेकला तर? तुम्ही हजारदा बडबडायचात, आणि त्या घटकेला मला काही म्हणजे काही आठवेना. मी तिथे उभी राहून मोठ्याने ओरडले, "अहो, आधी कुठली?"

उत्तर आलं. पायरीवरून.

"तांबरी पयली. काली मंग. तो बोलायचा ना."

लाल लावली. आवळली. मग काळी लावली, आवळली. किल्ली फिरवली. पहिल्यांदा नुसतं कण्हली, मी डोळे मिटले, तुमचं नाव घेतलं, आणि दुसऱ्यांदा सुरू झाली! मी धावत जाऊन आईंना उचलायला लागले तर त्यांनी मला ढकललं.

"मना नको नेऊ दवाखान्यान. दम नाय लागला गो. तुजे हात बगले नं रडू आला." मग माझं मनगट धरून म्हणाल्या, "कोनी काढल्या? कोन आलता घरान?"

त्यांना वाटलं होतं, त्या झोपल्या असताना कुणीतरी येऊन माझे हात रिकामे करून गेलं.

मी सगळं सांगितलं. पाटल्या, ठिणगी, तुमचा नियम. त्यांनी ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मंग मना का नाय हाक मारलीस? मी धरला असता पाना. माजे हात रिकामेच हायेत."

इंजिन चालूच होतं. त्यांनीच म्हटलं, "बग त्या मीटरान किती आलाय." मीटर लावला, चौदाच्या आसपास दाखवत होता. म्हणजे बॅटरी चार्ज होत होती. गाडी बंद करून, जरा गार झाल्यावर आम्ही बॅटरीचं पाणी बघितलं. एका कप्प्यात कमी होतं, तेवढं बाटलीतलं डिस्टिल्ड पाणी घातलं. आई लांबून बघत होत्या, "जास्ती नको घालू, उतू जाईल," म्हणत. अगदी तुमच्यासारख्या. मग त्यांनीच माझ्या हातात एकेक बांगडी चढवली आणि तुकडा रुमालात बांधताना हळूच म्हणाल्या, "एक वारली गो." वाढली म्हणाल्या त्या, फुटली नाही.

भीती गेलेली नाही. आत्ता लिहितानाही कान आतल्या खोलीकडे आहे. पण वचन देते: दर रविवारी मीटर लावीन, टोकं पुसून ठेवीन, गाडी पापडी गावापर्यंत नेऊन आणीन. नुसती किल्ली फिरवत बसणार नाही. बांगड्या मीच उतरवीन. आणि आईंचा श्वास अडकेल तेव्हा ही गाडी पहिल्या फटक्यात सुरू होईल.

तुम्हीही एक वचन द्या. त्यांना इतक्यात बोलावू नका. मी घाबरून काहीही विचारलं, तर उत्तर द्यायला इथे आता त्याच तर आहेत.

तुमची,
नंदा