चार फ्लॉप्या

३ ऑगस्ट १९९९, नगर
मेमो मिळाला. कॉलेजची कॉम्प्युटर लॅब उशिरा उघडली म्हणून. मागच्या आठवड्यात विभागप्रमुखांनीच सांगितलं होतं, "मॅडम, पहिली बॅच रद्द, अकराला या." आज म्हणतात, "मी असं बोललोच नाही." चेहरा इतका शांत, की क्षणभर मलाच वाटलं... नाही. बोलले होते. शिपाई कोंडिबा तिथंच स्टूल पुसत होता.
इथून पुढे विभागप्रमुखांना नुसतं वि. लिहीन. वहीत 'सर' लिहायला हात होत नाही.

५ ऑगस्ट
कोंडिबाला विचारलं. "म्या काय ऐकलं न्हाई बाई. माझं कान जड हायेत." राग आला. पण त्याच्यावर किती काढणार.
प्राचार्यांकडे गेले. "एक तुम्ही म्हणता, एक ते म्हणतात. मी कुणाचं धरू? पुरावा आहे का?"
दुपारी वि. लॅबमध्ये. दार लोटलं. "तुमच्या लोकांचं हेच. जागा राखीव मिळते, मग काम नको, तक्रारी हव्यात." लिहितानाही अंग तापतंय.

९ ऑगस्ट
पुरावा हवा ना, मग त्यांचं बोलणं रेकॉर्डच करायचं. सहा नंबरच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स आहे. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मीच टाकलेलं. लॅबमध्ये साउंड कार्ड त्या एकालाच. माइक धूळ खात पडलेला. विंडोजवर रेकॉर्ड केलं तर पडद्यावर दिसणार. इथे कमांड दिली की नुसता काळा पडदा, एक रेघ लुकलुकते. वि. गणितातून आलेले. त्यांना काय कळतंय.
cat /dev/dsp > a.raw
एवढंच. माइकचा आवाज थेट फाइलीत. थांबवायला कंट्रोल-सी. करून पाहिलं. परत वाजवलं तर काहीच नाही. अख्खी फाइल मुकी.

१० ऑगस्ट
चूक सापडली. आवाजाच्या मिक्सरमध्ये रेकॉर्डिंग माइकवर नव्हतंच, लाइन-इनच्या रिकाम्या भोकावर होतं. बदललं. आता पंख्याची घरघर आणि माझा खोकला ऐकू येतो. पंखा बंद ठेवायचा.
घरी मिलिंदला सांगितलं. एमआयडीसीतून दमून आलेला. "असं चोरून रेकॉर्ड करणं बरोबर नाही, सुनंदा."
"मला एकटीला गाठून बोलणं बरोबर आहे?"
"तसं नाही गं. नवरा म्हणून सांगतो, नोकरी जाईल."
ताट उचलून मी मोरीत ठेवलं.

१३ ऑगस्ट
मिळालं.
साडेतीनला वि. आले. कमांड देऊन मी रजिस्टर ओढून बसले होते. "पंखा का बंद?" कागद उडतात म्हटलं. मग मीच विचारलं, अकराला या असं तुम्हीच सांगितलं होतं ना? हसले. "सांगितलं असेल. सिद्ध करा." मग राखीव जागा, मग आईबापाचं काढलं. जाताना सहा नंबरकडे बोट. "हे अडकलंय. बंद करा." हात की-बोर्डकडे गेलासुद्धा. मी मध्ये आले. "मी करते सर."

१४ ऑगस्ट
हेडफोन लावून ऐकलं. त्यांचा शब्द न् शब्द स्पष्ट. आणि मधे मधे एक बाई. "हो सर." "बरोबर सर." "चुकलं सर."
ही मी? माझ्या आठवणीत तर मी ताडताड बोलले होते. वि.वर आला नाही इतका राग त्या बाईवर आला.
मिरजगावला आईला काही कळवलं नाही. तिच्याबद्दल जे बोलले ते तिला कसं ऐकवू.

१७ ऑगस्ट
एका फ्लॉपीत जेमतेम तीन मिनिटं मावतात. रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचं. पहिल्या तीन मिनिटांत त्यांची कबुली आहे आणि माझं "चुकलं सर" नाही. तेवढीच द्यावी असं फार वाटलं. दिवसभर तेच घोळत होतं. मग तुकडे केले, चार फ्लॉप्या. सगळं देणार. पुढचं तोडलं तर म्हणतील जुळवलंय.

१९ ऑगस्ट
प्राचार्यांच्या मशीनला साउंड कार्डच नाही. फ्लॉप्या उलटसुलट करून पाहिल्या. "यात आवाज आहे?"
"आहे सर."
"कॅसेट करून आणा."

२१ ऑगस्ट
मिलिंद स्वतःहून टेपरेकॉर्डर घेऊन लॅबवर आला. हेडफोनच्या भोकातून वायर टेपला जोडली, कॅसेटवर उतरवलं. उतरत असताना त्याने सगळं ऐकलं. नंतर बराच वेळ पाठ करून वायर गुंडाळत बसला. एवढीशी वायर.
"सोमवारी मी येतो बरोबर."

२३ ऑगस्ट
प्राचार्यांनी कॅसेट लावली. वि. आणि मी समोरासमोर, मिलिंद दाराबाहेर. अकरा मिनिटं कुणी कुणाकडे पाहिलं नाही. माझं "चुकलं सर" आलं तेव्हा मान खाली जात होती. जाऊ दिली नाही.
संपल्यावर वि. म्हणाले, "हा माझा आवाज नाही."
प्राचार्यांनी कॅसेट खणात टाकली, कुलूप लावलं. "संस्थेपुढे ठेवतो. तोवर दोघांनी काम चालू ठेवा." कधी ठेवणार, ते विचारलं. त्यांनी पुढची फाइल ओढली.
मिलिंद कामावर गेला. मी लॅब उघडली, दुपारच्या बॅचची हजेरी घेतली. पोरं गेल्यावर व्हरांड्यात वि.ची पावलं वाजली, दारापाशी येऊन थांबली. आत आली नाहीत. परत गेल्याचंही ऐकू आलं नाही.