खोल बाजूची वीतभर भिंत

प्रति,
मा. सचिव,
नगर तरण तलाव समिती,
उज्जैन.

विषय : जुनी निळी टाइल. टावर चौकातली मिठाई. क्लोरीनचा ड्रम. डाळीच्या डब्यातला गॉगल. "बाहर जाके डर जाती है." सुतळी.
(कारकून म्हणाले, विषय एका ओळीत हवा. तर : तलावाची लांबी पाण्याखालच्या भिंतीपासून मोजण्याबाबत.)

संदर्भ : अर्जदाराचा आधीचा हिंदी अर्ज. उत्तर तोंडी मिळाले, "देख लेंगे."

महोदय,

१. अर्जदार चारुलता सरमंडल, राहणार माधव नगर, हिने या वेळी मराठीत लिहिले आहे. आपण घरी मराठी बोलता, आणि मराठीत "बघू" म्हणणाऱ्याला मुंजीत, लग्नकार्यात पुन्हा तोंड दाखवावे लागते.

२. अर्जदाराची मुलगी इशिता मुक्त शैलीत शंभर मीटर पोहते. आपल्या तलावात तिच्यापुढे कुणी नाही. पाटीवरचा अर्जदाराचाच जुना विक्रम तिने मोडला, तेव्हा टावर चौकातून मिठाई आणून आपणच वाटलीत. पण इंदूरला, देवासला गेली की तीच मुलगी मागे पडते. तिथले तलावही पंचवीस मीटरचेच. तिचे प्रशिक्षक सुमीत सर म्हणतात, "घर की शेरनी, बाहर भीगी बिल्ली." आधी इशिता हसायची. आता राज्य स्पर्धेतून नाव काढून घ्यायचे म्हणते, आणि गॉगल तिने आजीकडे, म्हणजे अर्जदाराच्या आईकडे, देऊन टाकला आहे. माईंनी तो तुरीच्या डाळीत ठेवला. म्हणाल्या, "कीड लागणार नाही."

३. अर्जदारही शाळेत असताना याच तलावात जिंकली आणि बाहेर हरली. बुजरी आहे, असे तेव्हाचे सर म्हणाले, मग घरचे म्हणाले, मग ती स्वतःच म्हणू लागली. पोहणे सुटले.

४. गेल्या महिन्यात देवासला अर्जदार काठाशी बसली होती. तळावरची आडवी रेघ दिसली की किती हात मारून भिंतीशी कोलांटी घेत उलटायचे, हे पोहणाऱ्याच्या अंगाला ठाऊक असते. इशिता उलटली, पाय झाडले, आणि भिंत तिथे नव्हतीच. नुसती पायाची बोटे टेकली. भ्यालेली मुलगी भिंतीशी दबकत येते. ही तर भिंत आहेच अशा भरवशाने उलटली होती. हा भरवसा तिला कुठे लागला, असा संशय अर्जदाराला तिथेच आला.

५. म्हणून अर्जदार इतक्या वर्षांनी आपल्या तलावात उतरली. खोल बाजूला पाणी सोडायच्या नळाभोवती भोक आहे. त्यात हात घातला. वीतभर आत गेल्यावर बोटांना जुनी निळी टाइल लागली. १९९२ च्या सिंहस्थाआधी गळती थांबवायला आतून दुसरी भिंत बांधली, हे माईंना आठवते. तळावरची रेघ मात्र जुन्या भिंतीच्या हिशेबाचीच राहिली. म्हणजे इथे रेघेनंतर भिंत वीतभर आधीच येते, आणि इशिताच्या अंगाला तेवढेच अंतर ठाऊक आहे.

६. पहिल्या अर्जावर आपल्या कारकुनांनी मोजणी केली आणि म्हणाले, "मॅडम, फीता झूठ नहीं बोलता." टेप त्यांनी काठावरच्या खुणेपासून खुणेपर्यंत धरला. खुणा जुन्या भिंतीच्या आहेत. इतकी वर्षे पुसट असलेल्या त्या खुणा अर्ज दिल्यानंतरच का रंगवल्या? नेमका भोकाच्याच कोपऱ्यात क्लोरीनचा ड्रम कुणी आणून ठेवला? जीवरक्षक म्हणतो, "आंटी, उधर काई है." शेवाळ फक्त अर्जदारासाठीच उगवते काय? परवापासून फाटकावरचा भैय्याही नमस्कार घेत नाही.

७. भिंत वीतभर आत असेल, तर चार फेऱ्यांत चार विती होतात, आणि पाटीवरची १९९२ नंतरची सगळी नावे जातात. त्यांत आपलेही नाव आहे, हे अर्जदार फक्त नोंदवते. माई म्हणाल्या, "चारू, स्वतःचंच नाव पुसायला निघालीस? लेकीचंही?" होय. पुसावे.

८. २०२८ च्या सिंहस्थासाठी तलाव रिकामा करून वर नव्या टाइल बसणार आहेत, असे कळते. मग ते भोकही बुजेल, आणि पुढच्या मुलीही बुजऱ्याच ठरतील. तरी त्याआधी, आणि राज्य स्पर्धेची नावे पाठवली जाण्याआधी, टेप आत, पाण्याखाली, आताच्या भिंतीच्या टाइलपासून समोरच्या टाइलपर्यंत लावावा. त्याचे एक टोक इशिताच्या हाती द्यावे. दुसरे आपण धरावे, ही विनंती.

तलावाच्या फाटकाशी वाट पाहणारी,
चारुलता सरमंडल
उज्जैन, दि. १२ जानेवारी २०२६

सोबत : सुतळीचा तुकडा, अर्जदाराच्या वितीएवढा. भोकात जुन्या टाइलपर्यंत घालून मापला, मग वाळवला आहे.

१९९६ साली जबलपूरला, शेवटच्या शर्यतीत, अर्जदार घाबरलेली नव्हती.