पाव मैलाची पट्टी

केप कोस्ट,
रविवार, २८ जानेवारी १९६२

ती. अराबाताईस,
क्वामेनाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं मक्याच्या केंकीचं गाठोडं आणि शितोच्या तिखट चटणीची बरणी सुखरूप पोचली. बरणीतला निम्मा शितो क्वेकूला दिला, निम्मा मामाच्या हक्कानं ठेवून घेतला. वसतिगृहातल्या भाताबरोबर शितो नसला तर पोरं बंड करतील हे खरं, पण मास्तरांनी काय पाप केलंय? तुझा लेक आता माझ्याहून वीतभर उंच झालाय. वर्गात मला "सर" म्हणताना गालातल्या गालात हसतो, तेवढं त्याला समजावून सांग.

माझ्यामागे एक नवंच झेंगट लागलंय. पुढच्या वर्षी शाळेचा महोत्सव, म्हणून हेडमास्तरांनी शाळेतल्या खेळांचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं. रोज कुणा ना कुणा म्हाताऱ्या माजी विद्यार्थ्याच्या ओसरीवर जाऊन बसतो. गंमत म्हणजे पहिल्या पाद्रीसाहेबांनी क्रिकेट आणलं तेव्हा मैदान उतारावर होतं. चेंडू सुटला की थेट कोळ्यांच्या होड्यांत, आणि कोळी आधी मासळी विकत घ्यायला लावायचे, मगच चेंडू द्यायचे. झाडाखाली खड्ड्यांत बिया टाकून खेळायचा ओवारे त्यांनी जुगार म्हणून बंद केला. पुढे तेच साहेब आचाऱ्याशी ओवारे खेळताना सापडले. हे लिहू की नको, सांग.

काल सभागृहातल्या विक्रमांच्या फळ्याची माहिती घ्यायला ओटू सुताराकडे गेलो होतो. प्रत्येक विक्रमाची हातभर लांब पट्टी, दोन स्क्रूंनी बसवलेली. विक्रम मोडला की नवी लागते, जुनी निघते. जुन्या पट्ट्यांतली एक ओटूनं कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला ठोकलीय. लढाईच्या आधीची आता एकच पट्टी उरली आहे, ती आपल्या एबोदादाची. "पाव मैल, के. ई. एसिल्फी, १९३८". शेवटच्या आकड्याशी रंग फिसकटलाय, आठवतं? दादानंच ओल्या रंगाला अंगठा लावून बघितला होता म्हणे. ओटू तिथे नवा रंग देणार होता तर आईनं त्याचा हात धरला. तो सांगत होता, आई दरवर्षी बक्षीस समारंभाला आली की पट्टीवर बोट फिरवते आणि पट्टी पक्की बसली आहे ना, असं विचारते.

आता खरी बातमी. सरावात क्वेकू दादाच्या वेळेच्या अगदी जवळ आलाय. अजून कुणाला बोललो नाही. तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

आईला नमस्कार. तुझी माया आहे तशीच राहो.
तुझा भाऊ,
क्वामेना


सेकोंडी,
रविवार, ४ फेब्रुवारी १९६२

चि. क्वामेनास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पाद्रीसाहेबांचं अवश्य लिही. आणि शितोची चोरी करायची वेळ येते कारण घरात बायको नाही, हेही इतिहासात येऊ दे.

पण पत्राचा शेवट वाचला आणि दुकानात गिऱ्हाईक उभं असताना माझ्या हातातला कापडाचा ताका खाली पडला. अरे, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? आईच्या जिवाला या जगात कुठला आधार आहे ते तुला मी सांगायला हवं? दादा ब्रह्मदेशात नदी ओलांडताना गेला, अठरा वर्षं झाली. देह आला नाही. देहाच्या जागी पुरतात ते केस नाहीत, नखं नाहीत, म्हणजे पुरायला काहीच नाही. सैन्यानं बोचकं पाठवलं, त्यात निघाला दुसऱ्याच कुणाचा ढगळ सदरा. कुळातली वडील माणसं म्हणाली होती, तोच पुरून अंत्यविधी उरकून टाका. आईनं सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं, दुसऱ्या बाईच्या लेकाचा सदरा मी पुरणार नाही. त्या दिवसापासून दादासाठी ना ढोल वाजला, ना रडणं झालं. दादाचं नाव जिथे लिहिलंय अशी एकच जागा आहे. तिथे ती वर्षातून एकदा जाते, आणि बोट फिरवून परत येते.

आणि ती पट्टी माझ्याच मुलानं काढायची? ओटूच्या खुराड्याला लावायला?

क्वेकूला पाव मैलात उतरवू नकोस. लांब उडीत घाल, हॉकीत घाल, नाहीतर काठी देऊन राखणीला बसव. आई सत्तरीच्या पुढे गेली आहे. हा धक्का तिला सोसणार नाही, आणि तिला काही झालं तर मी तुम्हा दोघांना उंबरा चढू देणार नाही.

लोभ आहे म्हणूनच रागावते.
ताई


केप कोस्ट,
रविवार, १८ फेब्रुवारी १९६२

ती. ताईस,
क्वामेनाचा शि. सा. न. वि. वि.

काल पाव मैलाची प्राथमिक फेरी झाली. तुला हवं होतं तसंच झालं, म्हणून हे पत्र मी रागात लिहितोय.

शेवटच्या वळणापर्यंत क्वेकू असा आला की मैदान उठून उभं राहिलं. मग, फीत दहा पावलांवर असताना, तो मागे वळून बघतो आणि चक्क पाय आखडतो. पहिला आला, पण चालत आल्यासारखा. त्याच्या हाऊसची पोरं स्वागताला धावली होती, ती अर्ध्यातून परत फिरली. कुणीतरी ओरडलं की एसिल्फी सरांचा भाचा मामाच्या घराण्याचं नाव राखतोय. तेव्हापासून त्याच्या टेबलावर कुणी जेवायला बसत नाही.

मी त्याला कपडे बदलायच्या खोलीत गाठला. तिथे कळलं, गेल्या रविवारी भेटीच्या दिवशी तू आलीस ती कशाला. मला न भेटताच गेलीस म्हणून मी आपला मनात रुसून बसलो होतो. तू त्याला सांगितलंस की पट्टी निघाली तर आजी जाईल. सतरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर तू आजीचा जीव ठेवलास, ताई. त्यानं पळायचं तरी कसं? तो मला म्हणाला, "मामा, मी हरलो तर हाऊस मला खाईल आणि जिंकलो तर आजी मरेल. तुम्हीच सांगा काय करू."

त्याचं नाव मी काढून घेणार नाही. अंतिम शर्यत शनिवारी, २४ तारखेला. हेडमास्तरांनी मला विचारलं, मुलाला काही दुखापत आहे का. मी हो म्हणालो. इतकं खोटं पुरे झालं.

आईची तब्येत कळव. राग आहे, पण तुझ्यावरची माया कमी झालेली नाही.
क्वामेना


सेकोंडी,
बुधवार, २१ फेब्रुवारी १९६२

चि. क्वामेनास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी रडले. मुलाला मी नको ते सांगितलं हे कबूल. पण आता भांडायला वेळ नाही. आईला सगळं कळलंय. आपल्या मासेवाल्या लॉरीचा ड्रायव्हर शनिवारी तुमच्या मैदानावर होता. त्यानं येऊन मोठ्या अभिमानानं सांगितलं, आजी, तुमचा नातू तुमच्या लेकाला गाठतोय, थोडक्यात राहिलं. आईच्या हातातली परडी तशीच राहिली. तिनं तीनदा विचारलं, किती थोडक्यात? मग आत गेली आणि तिनं पेटी उघडली. क्वामेना, तिनं गडद लाल कापड बाहेर काढलंय. सुतकाचं. जे दादासाठी घेतलं आणि कधी नेसलीच नाही ते. उन्हात टाकलं, घडी केली, आणि म्हणते, शनिवारी मी केप कोस्टला जाणार.

मी म्हटलं, हे कापड कशाला? म्हणाली, लागेल. बाई आपल्या मरणाची तयारी करून निघाली आहे. मी बरोबर येते म्हटलं तर दुकान कोण बघेल म्हणून दटावलं.

आता एकच उपाय आहे, तो लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. तूच म्हणायचास ना, शाळेत एकच घड्याळ धड आहे, दुसऱ्याला हरमॅटन वाऱ्याच्या धुळीनं दमा झालाय. ते धड घड्याळ तुझ्या हातात असतं. मुलाला मनासारखं पळू दे. जिंकू दे. फक्त तुझा अंगठा जरा उशिरा दाबला जाऊ दे. त्यात कुणाचं काय जाणार? क्वेकूला ढाल मिळेल, दादाची पट्टी राहील, आई घरी येईल.

तुझ्याकडे मी आजवर काही मागितलं नाही. मोठ्या बहिणीचा शब्द राख.
ताई


केप कोस्ट,
रविवार, २५ फेब्रुवारी १९६२

ती. ताईस,
क्वामेनाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आईच्याच लॉरीच्या ड्रायव्हरकडे देतोय. तिच्या हाती दिलं असतं तर वाटेत कुणाकडून तरी वाचून घेतलं असतं.

आई काल सकाळीच आली. माडाच्या झावळ्यांच्या मांडवात पहिल्या रांगेत बसली, मांडीवर ते लाल कापड. माजी विद्यार्थी येऊन वाकून जात होते, एबोची आई म्हणून. ती मान हलवायची आणि मैदानाकडे बघायची. मी दोनदा जवळ गेलो. एकदा म्हणाली ऊन फार आहे, एकदा म्हणाली तुझा सदरा मळलाय. तिसऱ्यांदा जायचं मला धैर्य झालं नाही.

शर्यतीआधी क्वेकू तिच्या पाया पडायला गेला. तोंड उतरलेलं. आईनं त्याचा कान धरून डोकं खाली ओढलं आणि काहीतरी सांगितलं. फार नाही, एखाद-दोन वाक्यं. काय ते मला कळलं नाही. तो उठला आणि माझ्याकडे न बघता रेषेवर जाऊन उभा राहिला.

मी फितीपाशी होतो, घड्याळ हातात, अंगठा घामानं निसरडा झालेला. तुझं पत्र खिशात होतं. खोटं कशाला सांगू, शिट्टी होईपर्यंत माझं काहीच ठरलं नव्हतं. मला दादा डोळ्यांसमोर दिसत होता, आणि आईचा चेहराही. निम्म्या अंतरापर्यंत क्वेकू तिसरा होता आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मग शेवटच्या वळणावर तो सुटला. जिथे त्यानं गेल्या खेपेला मागे बघितलं होतं ती जागा आली, आणि त्यानं मान फिरवली नाही. दात आवळून, डोळे जवळजवळ मिटून आला. ते पोर असं धावत असताना मला त्याच्याशी लबाडी करता आली नाही, ताई. फीत छातीला लागली तेव्हाच मी बटण दाबलं. विक्रम मोडला. तुझा शब्द मी राखला नाही, आणि त्याबद्दल माफीही मागत नाही.

पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. मी मांडवाकडे बघितलं तर आईची खुर्ची रिकामी. धावत गेलो. ती सभागृहात फळ्यासमोर उभी होती आणि ओटूला पट्टी काढायला सांगत होती. हेडमास्तर आले. म्हणाले, आजी, अजून नवी पट्टी रंगवायची आहे, समारंभानं बदलू. आई म्हणाली, "नवी तुम्ही सावकाश लावा. जुनी आत्ता काढा."

ओटूनं स्क्रू काढले. आईनं पट्टी लाल कापडात गुंडाळली आणि छातीशी धरून बसली. ना रडली, ना बोलली. मी समजावायला गेलो तर मला हातानंच थांबवलं. जेवलीही नाही. आता तिला लॉरीत बसवतोय. ताई, दुकान बंद ठेव आणि तिच्याजवळून हलू नकोस. मला फार भीती वाटते आहे.

तुझा,
क्वामेना


सेकोंडी,
रविवार, ४ मार्च १९६२

चि. क्वामेनास,
आईचे आशीर्वाद. चि. क्वेकूला माझा मुका.

हे पत्र अराबा लिहिते आहे. तिला लिहायचं नाही, नाक ओढते आहे, पण मी म्हटलं, जसं बोलते तसं लिही, मध्ये आपलं शहाणपण घालू नकोस.

मी जिवंत आहे. काल दोन वेळा जेवले. तुम्ही दोघांनी मिळून मला मारायला घेतलं होतं ते मला अराबानं सगळं सांगितलं. घड्याळाचंही सांगितलं. इतकी शिकलेली मुलं माझी, आणि आईला एकदा तोंडानं विचारावं हे एकालाही सुचलं नाही?

एबो गेला त्याच्या पुढच्याच वर्षी मी तुमच्या तेव्हाच्या हेडमास्तरांकडे ती पट्टी मागितली होती. माझ्या मुलाचा अंगठा आहे त्या रंगात. मला वाचता येत नाही, नाव कुठलं ते मला कळत नाही, पण अंगठा कळतो. डोळे मिटून सांगेन हा एबोचा. केस नाहीत, नखं नाहीत, तर तेवढं तरी मातीत ठेवू दे म्हटलं. हेडमास्तर फार चांगले होते. म्हणाले, बाई, विक्रम उभा आहे तोवर पट्टी शाळेची, आणि तुमच्या मुलाचा विक्रम मोडणारा अजून जन्मायचाय. केवढ्या मायेनं म्हणाले. त्यांना काय सांगू?

मग मी ओटूला विचारायची, पक्की आहे का रे? तो खूश होऊन सांगायचा, आजी, भूकंप झाला तरी हलायची नाही. ते ऐकून मी घरी यायची.

चर्चमध्ये सगळ्या बाया आपल्या लेकाचं भलं मागतात. मी दर रविवारी मागत होते, की देवा, माझ्या एबोहून वेगानं पळणारा मुलगा या शाळेत पाठव. आपल्या लेकाला कुणीतरी हरवावं असं कुठली आई मागते? म्हणून तुम्हाला बोलले नाही. मला लाज वाटायची.

क्वेकूच्या कानात काय सांगितलं ते तुला हवंय ना? म्हटलं, "तुझा एबोमामा फार दमलाय रे. जा, त्याच्या हातातलं घे आणि त्याला घरी पाठव."

शनिवारी १७ तारखेला अंत्यविधी आहे. कुळातली सगळी येणार, ढोलवाले सांगून झाले. क्वेकूनं पुढे बसायचं. हेडमास्तरांना आणि ओटूला घेऊन ये. येताना धुतलेला सदरा घाल. घड्याळ आणू नकोस, मला पोटभर रडायचं आहे.

अराबा म्हणते, शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. तुझा लोभ नसता तर अंगठा खरा पडला नसता, म्हणून ते काही मी मागत नाही.

तुझी आई
(अंगठा)

ता. क. इथल्या सुतारानं शवपेटीचं माप विचारलं. पट्टी हातभर आहे म्हणून अराबानं त्याला छोटी सांगितली होती. मी त्याला परत बोलावून घेतलं आणि पूर्ण लांबीची करायला सांगितली. माझा एबो उंच होता.